‘न्हेऊ नगासा’ म्हणणारी नर्सरी

कोल्हापुरात शिवाजी पेठेतून रंकाळा तलावाच्या कडेनं गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं आणि फुलेवाडी नाका मागं टाकला, की एक पत्र्याची शेड दिसते. बोर्डावरचं नाव पावसानं कधीच धुऊन गेलंय, शेवटचं ‘र्सरी’ तेवढं उरलंय. पण नाव शोधायची गरज पडत नाही. रेडिओचा आवाज येईल तिथं गाडी लावायची. आजूबाजूची पोरं ‘रेडिओमामाकडं’ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आधी सांगून ठेवतो, मी बागेतला जाणकार वगैरे नाही. उद्यमनगरात माझे दोन लेथ आहेत, जॉबवर्क करतो. दिवसभर बिडाची काळी पूड नाकातोंडात जाते. घरी आल्यावर गच्चीवर काहीतरी हिरवं दिसावं, एवढ्याच हावेपायी मी ह्या नादाला लागलो. चार वर्षं ह्या एकाच दुकानात जातोय. तेवढ्या अनुभवावर लिहितोय.

पहिल्यांदा गेलो ते मे महिन्यात. गुलाब पाहिजे होता. मस्त लालभडक फूल असलेली कुंडी उचलली, किंमत विचारली. मामा त्या वेळी जास्वंदीच्या पानामागचा पांढरा पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशनं घासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “गच्चीवर ठेवणार व्हय? मग न्हेऊ नगासा.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

“मे म्हैन्यात गच्चीवर गुलाब म्हंजे दीडशे रुपये उन्हात वाळत घातल्यासारखं. दसरा झाला की या. तवर ओवा न्ह्या, गवती चहा न्ह्या. ती मरायची न्हाईत, तुमचा हात बसंल.”

वीस-वीस रुपयांची दोन रोपं घेऊन परत आलो. धंदा करणारा माणूस दीडशेचं गिऱ्हाईक चाळिसावर आणतो, हे मी आमच्या लाईनीत तरी बघितलेलं नाही. दसऱ्यानंतर गेलो तेव्हा त्यांनी गुलाब दिलाच, वर झाड उलटसुलट करून खोडावरची गाठ दाखवली. “हितं डोळा भरलाय, म्हंजे रानटी खोडावर कलम केलंय. गाठीच्या खालनं फूट आली की मोडायची, कात्रीनं न्हाई, बोटानं, मुळापासनं. ती रानटी फूट असती, लय जोरात वाढती, आणि तुम्ही खूश व्हता.” मी तरीही खूश झालोच. जानेवारीत खालून एक फांदी सळसळत वर आली, मी तिला खत घातलं, काठीचा आधार दिला, आणि मूळचा लाल गुलाब बघता बघता वाळून गेला. ती चूक माझी. दुकानाच्या खात्यावर लिहायची नाही.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते कमळाचं टब.

त्याच्या आधीची एक फजिती सांगायला पाहिजे. मोबाईलवर एक जाहिरात आली होती, निळ्याशार कमळाचा फोटो आणि वीस बियांचं पाकीट. मागवलं. बिया म्हणजे काळ्या गोट्या, दगडासारख्या टणक. कवच घासल्याशिवाय पाणी आत शिरत नाही असं कुठंतरी वाचलं होतं. पॉलिश पेपरनं घासत बसायला कुणाला वेळ आहे? पकडीत धरून बेंच ग्राइंडरवर लावल्या. तीन उडून स्क्रॅपमध्ये गेल्या, बाकीच्या झकास घासल्या. पाचव्या दिवशी ग्लासात हिरवे कोंब, आठव्या दिवशी तरंगणारी इवलीशी पानं. मी वर्कशॉपमधल्या पोरांना बोलावून बोलावून दाखवलं. पुढं काहीच नाही. दोन महिने पानं रुपयाएवढीच राहिली, मग पिवळी पडली.

मोबाईलमधला फोटो मामांना दाखवला. ते हसलेसुद्धा नाहीत. शेडच्या मागं सिमेंटच्या टाक्या आहेत, तिथं घेऊन गेले. एका टाकीतलं पान उचललं. गोल, पण देठापाशी चीर गेलेली, केक कापल्यासारखी. “ही लिली. आपल्यात कुमुद म्हणत्यात.” दुसऱ्या टाकीत पान पाण्याच्या वर हातभर उभं. चीर नाही, पूर्ण गोल, देठ बरोबर मधोमध. त्याच्यावर ओंजळभर पाणी टाकलं. पाण्याचा पारा झाला, गोळ्या होऊन इकडून तिकडं पळाल्या आणि खाली पडल्या, पान कोरडं ठणठणीत. “हे कमळ. आपल्याकडलं कमळ गुलाबी न्हाईतर पांढरं. निळं कमळ देवानं केलेलंच न्हाई. निळी असती ती लिली. आणि बी लावून फुलाची वाट बघायची तर तेवढा दम पाहिजे. कंदच लावावा.”

मग मी म्हणालो, कमळाचा कंद द्या. ह्यावर काय उत्तर आलं असेल, तुम्हीच ओळखा.

“टब केवढं? दोन फुटी? मग कमळ न्हेऊ नगासा. त्याला पसरायला जागा लागती. लिली न्ह्या.”

लिलीचे दोनशे पडले. टब आमच्याकडं होतंच, कटिंग ऑइलचं नव्हे, घाबरू नका, धान्याचं. दोन फूट व्यास, सव्वा फूट खोल. मी काउंटरवरची तयार मातीची पिशवी उचलली तर तीही हातातून काढून घेतली. त्या पिशवीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असतो आणि कोकोपीट पाण्यात तरंगतं, सगळं टब चहाच्या चोथ्यासारखं होतं. त्याऐवजी नदीकाठची काळी चिकट माती दोन पाट्या दिली, चाळीस रुपये पाटी. तळाला जुनं कुजलेलं शेणखत मूठभरच, त्याच्यावर काळी माती दाबून, वर बोटभर जाड वाळूचा थर, म्हणजे पाणी ओतताना माती उसळत नाही. कंद आडवा, डोळा वर. पाणी आधी चार बोटं, पानं वर येतील तसं वाढवायचं. दिवसाला पाच तास तरी ऊन. हे सगळं त्यांनी माझ्याच बिलबुकाच्या पाठीमागं लिहून दिलं, तो कागद अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे.

पहिले तीन आठवडे टबातलं पाणी हिरवंगार झालं, पोहे टाकले असते तर वाटाण्याची उसळ समजून कुणी खाल्लं असतं. पाणी बदलू का म्हणून फोन केला. “हात लावू नगासा. पानांनी वर सावली धरली की आपोआप निवळतंय.” निवळलं. चाळिसाव्या दिवशी पहिली कळी वर आली. लिलीचं फूल सकाळी नऊच्या सुमाराला उमलतं आणि दुपार कलली की मिटतं, असं तीन-चार दिवस. मी साडेआठला घर सोडतो. म्हणजे माझ्या स्वतःच्या टबातलं फूल मी सोमवारीच बघू शकतो, आमच्या वर्कशॉपला सुट्टी असते तेव्हा. बाकीच्या दिवशी आई फोन करते. पलीकडून “उमललं बघ” एवढंच, आणि इकडं लेथवर काही ऐकू येत नसतं, तरी मी “हां, हां” म्हणतो.

टब ठेवलं म्हणजे डास आले, आणि डासांवर इलाज गप्पी मासे. दहा मासे शंभर रुपयांना. इथंसुद्धा मामांचं व्याख्यान होतंच. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच मासे सोडायचे, त्यातलं क्लोरीन उडून जातं. पिशवी तशीच बंद करून टबात वीस मिनिटं तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी एकसारखं कोमट झालं की तोंड सोडायचं. खायला रोज घालायचं नाही, नाहीतर डासांच्या अळ्या कोण खाणार? आणि जास्त झाले तर रंकाळ्यात नेऊन सोडायचे नाहीत, परत त्यांच्याकडं आणायचे. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लंच देते. एका मादीची एका वेळची वीस-तीस पिल्लं, आणि महिन्याभरात पुन्हा. आमच्या दहांचे दिवाळीपर्यंत किती झाले ते मोजता आले नाहीत. डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी पिंप तपासायला माणसं येतात, ती आमच्या टबाजवळ थांबली, वाकून बघितलं, “गप्पी हाईत, चला,” म्हणून पुढं गेली. मला उगाचच पास झाल्यासारखं वाटलं.

पावसाचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. जुलैत आपल्याकडं पाऊस कसा लागतो ते कोल्हापूरकरांना काय सांगायचं. एका रात्रीत टब काठोकाठ भरून वाहिलं आणि सकाळी मासे गच्चीच्या पन्हाळीत. चप्पल घालायची शुद्ध नाही, चहाच्या गाळणीनं अकरा मासे गोळा केले. मग टबाच्या काठाखाली दोन इंचांवर बारा मिलीमीटरचा ड्रिल मारला आणि आतून बारीक जाळी लावली. हे मामांनी आधी सांगायला पाहिजे होतं, मी तसं बोललोसुद्धा. ते म्हणाले, “बाराचा मारलासा? बरं केलासा.” आता म्हणे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, वर माझं नाव घालून.

न विकण्याची त्यांची यादी मोठी आहे. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, विकत नाहीत. जांभळी फुलं सुंदर असतात, लोक मुद्दाम मागतात, पण रंकाळ्यानं आणि पंचगंगेनं केंदाळापायी काय भोगलंय ते बघितलेला माणूस ते घरात कशाला देईल? पोपट तर विचारूच नका. माझ्यासमोर एक जोडपं आलं होतं, पोराला हिरवा पोपट पाहिजे म्हणून हट्ट. मामांनी शांतपणे सांगितलं, आपला रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे, विकणारा आणि पाळणारा दोघंही अडकतात. पोरगं रडायला लागलं. त्याला बरणीत दोन गप्पी फुकट मिळाले. रडं थांबलं की नाही आठवत नाही, मी त्या वेळी खताचा भाव करत होतो.

खताचं निघालंच आहे तर, प्रेसमडचं कुजवलेलं खत इथलं घ्या. साखर कारखान्यातली ती काळी मळी, आपल्या जिल्ह्यात तिला काय तोटा. पण ताजी मळी तापते, मुळं जाळते. हे लोक वर्षभर कुजवून, चाळून देतात, हातात घेतली तर वास मातीचा येतो, मळीचा नाही. माझ्या लवंगी मिरचीला गेल्या साली ह्याच खतावर इतक्या मिरच्या लागल्या, की ठेचा शेजारी तीन घरांत वाटला. कुंड्या मात्र इथून घेऊ नका. प्लॅस्टिकच्या आहेत, दोन उन्हाळ्यांत काठ हातात येतो. मातीच्या कुंड्या शाहूपुरीत कुंभार गल्लीत बघाव्यात.

तक्रारीही आहेत. घरात ठेवायची शोभेची झाडं आणि अनंत, क्रोटन असला माल आंध्रातून, राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकनं येतो. मुळांभोवती लाल घट्ट मातीचा गोळा असतो, वरून पाणी घातलं तर कडेनं ओघळून जातं, आतलं मूळ कोरडंच. मामा सांगतात, पंधरा दिवस सावलीत ठेवा, मग गोळा पाण्यात भिजवून हलक्या हातानं मोकळा करा. मी तसंच केलं. तीन अनंतांतला एकच जगला. बदली रोप मिळालं नाही, “झाड म्हंजे काय बेअरिंग हाय व्हय, वॉरंटी द्याला?” हे उत्तर मिळालं. बेअरिंगलाही आम्ही कधी वॉरंटी देत नाही, म्हणून गप्प बसलो, पण दोनशे चाळीस रुपये गेले ते गेले. आणि सोमवारी बंद! माझा एकुलता एक सुट्टीचा दिवस. त्यामुळं मी कायम रविवारी संध्याकाळी जातो, आणि रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर सगळं कोल्हापूर भेळ खायला आलेलं असतं, गाडी लावायला जागा नाही.

घाईत असाल तर जाऊच नका. कारण रेडिओ.

लाकडी खोक्याचा, दोन बँडचा जुना सेट आहे, माशांच्या काचेच्या टाकीवर फळी टाकून ठेवलेला. काटा बहुतेक १०२.७ वर, आकाशवाणी कोल्हापूर. पूर्वी मीडियम वेव्हवर सांगली ऐकायचो म्हणतात. चांगलं गाणं लागलं की मामा हिशेब करत नाहीत. मी स्वतः तीन मिनिटं पाचशेची नोट हातात धरून उभा राहिलोय. बोट वर करून थांबवतात, अंतरा संपला की सुटे पैसे. गाणं बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं असलं, तर संपल्यावर “आपल्या कोल्हापुरातला माणूस” हे एकदा म्हणायचंच. बाबूजी १९१९ साली इथं जन्मले, ह्याचं श्रेय मामा जरा स्वतःकडंही घेतात असं वाटतं. एक बाई त्यांना विचारत होत्या, गाणं ऐकून झाडं जोमानं वाढतात हे खरं का हो? मामा म्हणाले, “झाडं कशाला ऐकत्यात? मी ऐकतोय. गाणं हाय म्हणून मी हितं थांबतोय, आणि मी थांबतोय म्हणून त्यास्नी पाणी मिळतंय.”

पावसाळ्यात तोच रेडिओ वेगळा होतो. बातम्यांत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सांगायला लागले की दुकानातलं बोलणं थांबतं. एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस धोका, हे आकडे इथं शाळेतल्या पोराला पाठ असतात. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितल्यावर तर विचारूच नका. आकडा कळला की मग कुणीतरी म्हणतं, हां, द्या ती शेवंती.

तर त्या रेडिओचं ट्यूनिंगचं बटण तुटलेलं. मामा पकडीनं दांडी फिरवून स्टेशन लावायचे. आमच्या लाईनीतल्या माणसाला पकडीचे दात एखाद्या शाफ्टवर चावलेले बघवत नाहीत. एका रविवारी खिशातला व्हर्नियर काढून मापं घेतली. सहा मिलीमीटरची दांडी, एका बाजूला फ्लॅट, म्हणजे सपाट. स्क्रॅपमध्ये पितळेचा बत्तीसचा तुकडा पडला होता. फेसिंग करून तोंड सपाट केलं, पाच पॉइंट आठचा ड्रिल, भोक नेमकं करायला सहाचा रीमर, बाजूनं तीनचा टॅप मारून आटे पाडले आणि बिनडोक्याचा ग्रब स्क्रू बसवला, तो बरोबर फ्लॅटवर टेकतो. बाहेरून नर्लिंग केलं, बोट घसरू नये म्हणून. पाऊण तासाचं काम, पण पोरांना हात लावू दिला नाही. बसवल्यावर मजा अशी झाली, की पितळेला वजन असल्यामुळं टिचकी मारली तर काटा सावकाश आपलाआपण सरकत जातो, खरखर, मग एखादी कानडी बातमी, पुन्हा खरखर, आणि गाणं. मामांनी चार-पाच वेळा इकडून तिकडं फिरवून बघितलं. पैसे विचारले नाहीत, मीही सांगितले नाहीत. त्या दिवशी पांढऱ्या लिलीचा एक कंद ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत आला, बिलाशिवाय. त्यामुळं हा रिव्ह्यू अगदी निःपक्षपाती आहे असं म्हणता येणार नाही, तेवढं वजा करून वाचा.

मार्क द्यायचे तर पाचात चार. अनंताचा आणि सोमवारचा मिळून एक कापला.

गेल्या महिन्यात परत मासे आणायला जावं लागलं. झालं असं, की टबातले गप्पी कमी व्हायला लागले. आधी मांजरावर संशय घेतला, मग शेजारच्या पोरावर. एका सोमवारी सकाळी चहा घेऊन बसलो होतो, तर कपडे वाळत घालायच्या तारेवर खंड्या. पाठ निळीजर्द, छाती पांढरी, चोच लालभडक, एवढी मोठी की पक्ष्याला पेलते कशी असं वाटावं. रंकाळा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तिथं मासे काय कमी आहेत? पण ह्यानं सूर मारला तो आमच्या टबात. लिलीचं पान हललं, आणि तारेवर परत जाऊन त्यानं तो गप्पी दोनदा तारेवर आपटला आणि गिळला. मी तिथंच ठरवलं, सहाच्या सळीची चौकट करायची, वर जाळी. मंगळवारी केलीसुद्धा, वेल्डिंगसकट.

बुधवारी आईनं जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. म्हणाली, तीन महिने झाले तो येतोय, रोज साडेदहाला, माझी पोथी संपते तेव्हा. तू घरी असतोस कधी?

रविवारी मामांकडं गेलो, वीस गप्पी मागितले. एवढ्या लवकर परत कसे, म्हणून त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. रेडिओवर गाणं चालू होतं, त्यामुळं ते संपेपर्यंत थांबावं लागलं. मग त्यांनी जाळी टाकून मासे पिशवीत घेतले, रबर लावलं, वही उघडली आणि पेन हातात धरून विचारलं, “मिस्त्री, ह्ये कुणाच्या नावावर लिहू? तुमच्या, का खंड्याच्या?”